अकरा जणांचा सैपाक आणि बारा किलोमीटर

अक्का, मी लातूरची. वय ४३, बँकेत नोकरी. दोन वर्षांपासून पळते. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनच्या हाफला, म्हणजे २१ किलोमीटरच्या अर्ध्या मॅरेथॉनला, नाव घातलंय, पहिलीच वेळ आहे. आता दिरांनी काढलंय की ख्रिसमसच्या सुट्टीत सगळ्यांनी नाशिककडं वाइनच्या द्राक्षबागेतल्या एका फार्महाउसवर जायचं. आम्ही, दीर-जाऊ, नणंदेचं घर, सासूबाई आणि पोरं, मिळून अकरा जण. गुरुवारी निघून रविवारी परत. हॉटेलात जेवायचं नाही, तिथल्या सैपाकघरात मिळून करायचं, एकेका घरानं एकेक जेवण. माझ्या पळण्याच्या सरावाच्या तक्त्यात नेमके त्याच रविवारी १८ किलोमीटर आहेत, सगळ्यात लांबचं पळणं. मिस्टर म्हणतात, ‘सहलीला येऊन पळायचंच असेल तर येतेस कशाला?’ सासूबाई म्हणतात, ‘परक्या गावात तंग पँट घालून पळणार का?’ जाऊबाई वाइनसाठी आत्तापासून उड्या मारतायत. घेतली तर पळणं बिघडेल, नाही घेतली तर शिष्ट म्हणतील. जाऊच नये असं वाटतंय. काय करू?

— पळणारी सून, लातूर

तुला तू म्हणते, राग मानू नकोस. माझी धाकटी बहीण तुझ्याच वयाची आहे आणि तीही अशीच लिहिते. विचारते एक, सलत असतं दुसरंच.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, बाई १८ किलोमीटरच्या काळजीत आहे. दुसऱ्यांदा ‘एकेका घरानं एकेक जेवण’ इथं थांबले. आपल्याकडं असल्या वाक्यातल्या घराच्या हातात बांगड्या असतात. चार दिवसांत किती जेवणं होतात ते कुणी मोजलंय का? मी मोजलं. गुरुवारची रात्र, शुक्रवार-शनिवारची चार, तीन सकाळचे नाश्ते, रविवारी वाटेत खायची शिदोरी. चहाची तर गणतीच नको. यातलं तुझे मिस्टर काय करणार, दीर काय करणार, नणंदेचे मिस्टर काय करणार, याचा पत्रात चकार शब्द नाही. तुला तो लिहावासाही वाटला नाही, हे मला जास्त खटकलं.

आधी पळण्याचं उरकते, ते सोपं आहे.

मुंबईची शर्यत जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. म्हणजे तुझा सहलीचा रविवार आणि शर्यतीचा रविवार यांत तीन आठवडे आहेत. हाफसाठी शेवटचं लांब पळणं दोन आठवडे आधी झालं तरी पुरतं. मग ते १८ सरळ पुढच्या रविवारी ढकल आणि आपल्या औसा रोडवर पळ. लातूर ते औसा साधारण वीस किलोमीटर, म्हणजे शर्यतीचं अंतर त्याहून जराच जास्त. रस्ता ओळखीचा, पाण्याला कुठं थांबायचं तेही ठाऊक. त्यानंतरचे दोन आठवडे पळणं कमी-कमी करत आणायचं. सहलीचा आठवडा हलका धर. दोन-तीन आठवडे अंतर वाढवत नेलं की एक आठवडा उतरवायचा असतो, असा आठवडा तुझ्या तक्त्यात कुठं ना कुठं असणारच, तो इकडं आण. गुरुवारी काही नाही, कारण लातूर ते नाशिक आठ-नऊ तास गाडीत बसून पाय आखडतात. दर दोन तासांनी गाडी थांबवायला लाव आणि पाच मिनिटं चाल. शुक्रवारी पाच किलोमीटर हळू. शनिवारी बारा, शेजारी कुणी असतं तर गप्पा मारता आल्या असत्या इतक्याच वेगानं. रविवारी गाडी. झालं. तीन-चार दिवस कमी पळल्यानं दम उतरत नाही. त्याला दहा-बारा दिवस बूट कोपऱ्यात पडून राहावे लागतात.

शनिवारच्या बारांसाठी दोन-तीन गोष्टी. डिसेंबरअखेर तिकडं आपल्यापेक्षा थंडी जास्त. नाशिकजवळच्या निफाडचा पारा दर हिवाळ्यात बातमीत येतो. पहिले दोन किलोमीटर अंगावर जास्तीचा शर्ट ठेव, मग कमरेला बांध. थंडीचा कडाका असला की द्राक्षवाले पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून. लांबून फार देखणं दिसतं, धुक्यात धुराच्या रेघा, पण त्या धुरातून पळू नकोस. आणि आदल्या संध्याकाळी राखणदाराला विचारून घे की सकाळी कुठल्या बाजूला फवारणी आहे. ब्लोअर लावलेला ट्रॅक्टर आला की औषध पार रस्त्यापर्यंत येतं. कुत्र्यांचंही त्यालाच विचार. बागेच्या आतल्या वाटा खाजगी असतात, त्यात शिरू नकोस, डांबरी बरा.

आता तुझी खरी अडचण.

बारा किलोमीटर पळून पाय जेवढे थकत नाहीत तेवढे ओट्यापुढं पाच तास उभं राहून थकतात. हे मला कुण्या प्रशिक्षकानं सांगितलं नाही. मी परभणीत कृषी विद्यापीठाच्या रस्त्यांवर पळते, बरीच वर्षं झाली. एकदा घरी मुंजीचं कार्य होतं. दोन दिवस ओट्याशी उभी, तिसऱ्या दिवशी पळायला गेले तर पोटऱ्या दगड झालेल्या आणि टाच अशी दुखली की आठ दिवस गेले. त्या दोन दिवसांत मी एक किलोमीटरही पळले नव्हते. पळताना पाय हलत असतात, रक्त वर चढत असतं. उभं राहिलं की सगळं खाली साचतं. तक्त्यात पळण्याचे किलोमीटर लिहितेस ना, त्याच्या शेजारी एक रकाना आख, ‘उभी’. महिनाभर लिही. मिस्टरांना पळण्याचा रकाना दाखवू नकोस, हा दाखव.

आपल्या बीडच्या, आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेनं २०२० मध्ये दिल्लीत हाफ मॅरेथॉन १ तास ३० सेकंदांत संपवली. तुला पहिल्या खेपेला अडीच तास लागतील. म्हणजे तुझे पाय त्याच्या अडीचपट वेळ रस्त्यावर आपटणार. विश्रांतीची गरज कुणाला जास्त, त्याला की तुला? घरातली माणसं मात्र उलटं म्हणतात: ‘ती काय, हळूहळू तर पळते, तिला कसला थकवा!’

तेव्हा निघायच्या आठ दिवस आधी, घरच्या ग्रुपवर, वाटणी माणसावर कर, घरावर नको. नावानिशी लिही. शुक्रवारचा नाश्ता दीर आणि नणंदेचे मिस्टर. शनिवारचा नाश्ता तुझे मिस्टर आणि मोठी पोरं. त्यांना पोहे जमत नसतील तर सुशीला करायला सांग. मुरमुरे भिजवून पिळायचे, फोडणीत टाकायचे, कांदा-मिरची-दाण्याचा कूट, दहा मिनिटांत होतं आणि बिघडवायचं म्हटलं तरी फारसं बिघडत नाही. भांडी आणि चहाला वेगळी नावं हवीत, नाहीतर ती आपोआप तुझी आणि जावेची. ‘मी शनिवारी सहा ते पावणेआठ नाही, परत आल्यावर अंघोळ आणि नाश्ता, दहाला हजर’ हेही त्यातच लिही. विचारू नकोस, कळव. विचारलं की चर्चा होते, आणि आपल्या घरातल्या चर्चा कुणाच्या बाजूनं संपतात ते तुला ठाऊक आहे.

मिस्टरांच्या प्रश्नाला उत्तर द्यायच्या फंदात पडू नकोस. चार दिवसांचे शहाण्णव तास. त्यातले अडीच तू पळणार, तेही बहुतेक सगळे घोरत असताना.

तुझ्या वाट्याला एक जेवण घे आणि ते शुक्रवारचं रात्रीचं घे. आपलं आपण केलं की पोटात काय जाणार ते आपल्या हातात राहतं. शुक्रवारी रात्री भात, साधं वरण, बटाट्याची भाजी, वर तूप, आणि बाकीच्यांसाठी येसराची आमटी. येसर म्हणजे आपलं धान्य-डाळी-मसाल्याचं पीठ, ते लातुराहून भाजून-दळून ने. तिथं फक्त फोडणी आणि पाणी. अकरा माणसांची आमटी अर्ध्या तासात होते आणि नाशिकच्या थंडीत लोक वाट्या चाटतात. तू मात्र त्या रात्री आमटी दोन चमचेच घे. ज्वारीची भाकरी रोजच्या पळण्याला उत्तम, माझी हयात तिच्यावर गेली, पण लांब पळण्याच्या आदल्या रात्री कमी खा. कोंड्यानं पोट डिवचतं आणि ते नेमकं सातव्या किलोमीटरला, जिथं आडोसा नसतो. ठेचा, कच्चा कांदा, हुरडा हे सगळं शनिवारी दुपारी. हुरड्याचे दिवसच आहेत. घरचा असेल तर नेच, नाशिककरांच्या चिवड्या-मिसळीपुढं आपलं काहीतरी ठेवायला नको का! फक्त शुक्रवारी संध्याकाळी त्याला हात लावू नकोस. कोवळा हुरडा गोड लागतो म्हणून मूठ-मूठ जातो आणि मग रात्रभर पोट बोलतं.

शनिवारी पहाटे एक केळं, अर्धा कप चहा. खिशात मूठभर बेदाणे ठेव. तीस ग्रॅम बेदाण्यांत वीसएक ग्रॅम साखर असते, पळताना खायच्या दुकानातल्या महागड्या जेलच्या पुडीइतकीच म्हण. शनिवारी थोडे खाऊन बघ आणि पुढच्या रविवारी १८ ला पाऊण तास झाला की दोन-दोन तोंडात टाकत राहा. पोटाला मानवले तर मुंबईतही तेच. शर्यतीच्या दिवशी नवीन काही खायचं नसतं, तेव्हा जे करून बघायचं ते आत्ताच.

वाइनचं सांगते, आणि इथं माझी फजितीही सांगावी लागेल.

बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही चौघी बहिणी नाशिककडंच अशा एका ठिकाणी राहिलो होतो. तिथं शेनिन ब्लांक नावाची पांढरी वाइन दिली. थंडगार, जराशी गोडसर, अगदी सरबत. तिखट खाण्याबरोबर ती छानच जाते, त्यामुळं एकाचे तीन ग्लास कधी झाले कळलं नाही. वाइनमध्ये बारा-तेरा टक्के अल्कोहोल असतं हे मला तेव्हा वाचून माहीत होतं, पिऊन माहीत नव्हतं. रात्री झोप लागली खरी, पण दोन वाजता टक्क जाग, घसा कोरडा, छाती धडधड. तरी हट्टानं सकाळी चौदा किलोमीटरला निघाले. सहाव्याला पाय असे झाले की जणू दुसऱ्याचे. एका बागेच्या कडेला बांधावर बसले. खुडणीला निघालेल्या एका मावशींनी कळशीतलं पाणी दिलं, माझ्याकडं वरून खाली बघितलं आणि विचारलं, “घरी भांडून आलाव का?” परत येताना त्यांच्याच मालाच्या टेम्पोत बसून आले. बहिणी अजून टेम्पोचा आवाज काढून दाखवतात.

अल्कोहोलनं लघवी जास्त होते, अंगातलं पाणी जातं, आणि झोप लागली तरी ती झोप पुरी होत नाही. तेव्हा शुक्रवारी रात्री शून्य. शनिवारी पळून, जेवून, दुपारी झोप काढून उठलीस की संध्याकाळी एक ग्लास हवा असेल तर घे, तेवढंच पाणी सोबत पी. नको असेल तर नको. रेड वाइन हृदयाला चांगली असते म्हणून कुणी आग्रह केला तर हृदयाची सोय तू पहाटे करून आलेली असशील. चाखायच्या कार्यक्रमाला मात्र जा. घोटभरच ओततात, आणि चाखून थुंकायला शेजारी भांडं ठेवलेलं असतं. तसं करणं तिथं शिष्टाचारात बसतं, कुणी शिष्ट म्हणत नाही. सासूबाई बघत असतील तर आधी सांगून ठेव, नाहीतर त्यांना वाटेल सुनेला मळमळायला लागलं.

जाऊबाईंना एक गोष्ट हळूच कळव, नाहीतर त्यांचा हिरमोड होईल. पायानं द्राक्षं तुडवायचे ते फोटो असतात ना, ते डिसेंबरात निघत नाहीत. ऑक्टोबरात छाटणी झालेली असते, ख्रिसमसच्या सुमाराला मण्यात नुकतं पाणी उतरत असतं. वाइनच्या द्राक्षांची खुडणी जानेवारीअखेरीपासून मार्चपर्यंत. आणि ही द्राक्षं आपण डझनावारी पेट्या आणून खातो ती बिनबियांची थॉमसन नव्हेत. मणी बारीक, साल जाड, आत बिया. पोरांनी तोडून खाल्ली तर तोंडं वाकडी करतील, आणि मालक ओरडेल ते वेगळंच. गोड द्राक्षांच्या बागा नि शेततळी बघायची असतील तर जालन्याजवळच्या कडवंचीला कधीतरी जा, आपल्याच मुलखात, दुष्काळी भागात पाणी अडवून काय होतं ते दिसतं. नाशिकला वाइन पुष्कळ जुनी असेल असं लोकांना वाटतं. गंगापूरच्या बाजूला राजीव सामंतांची सुला ही वाइनरी उभी राहिली ती १९९९ ला, राज्याचं वाइन धोरण आलं २००१ मध्ये. तुझी मोठी पोरगी असेल साधारण त्या वयाची, नाही का? नसेल तर माझा हिशोब चुकला, सोड.

दीर हौशी दिसतात, म्हणून हेही सांगते. कुणीतरी मटणात रेड वाइन ओतायची टूम काढणारच. काढू दे, पण आपल्या काळ्या मसाल्यात ओतू देऊ नका. दोघंही मानी आहेत, एका पातेल्यात नांदत नाहीत. शिराज नावाची रेड वाइन मिरीसारखी झणकते, ती मटणाच्या शेजारी ग्लासात बरी. आणि ‘उकळलं की दारू उडून जाते’ असं सांगून सासूबाईंच्या ताटात ते वाढू नका. पंधरा मिनिटं रटरटल्यावरही साधारण चाळीस टक्के राहते, तासाभरानंही चौथा हिस्सा उरतो. त्या घेत नसतील तर त्यांची भाजी वेगळ्या पातेल्यात.

सासूबाईंच्या तंग पँटच्या प्रश्नावर मी हसले, मग गप्प झाले. माझ्या आईनंही हेच विचारलं होतं. त्या पँटला भीत नाहीत गं, चारचौघांत काहीतरी बोललं जाईल आणि ते त्यांच्या कानावर पडेल, याला भितात. वर ढगळ कुर्ता घाल, तुला काही फरक पडत नाही. आणि शनिवारी परत यायच्या वेळी त्यांना फाटकाशी यायला सांग, अर्धा किलोमीटर सोबत चालायला. सैपाकघरातही त्यांना खुर्चीवरचं काम दे: मटार सोलणं, लसूण, पोरांना भाकरी थापायला शिकवणं. त्यांचा हात बसलेला आहे, पोरांचा बसायचाय. गोल नाही झाली तरी तव्यावर टाकू दे. बारक्यानं थापलेली पहिली भाकरी नकाशासारखी होते, मध्ये भोक, कडेला चीर, आणि तरीही टम्म फुगते एका कोपऱ्यात. ती बघायला नाशिकपर्यंत जाण्यात मला काही वावगं वाटत नाही.

म्हणून जा. न जाण्याचं तुझं कारण पळणं नाहीय, हे आता तुलाही कळलं असेल. पळण्याआड लपून सहल टाळलीस तर पुढच्या वर्षी तेच, आणि पळण्यावर ठपका कायमचा. तू सांगितलंस आणि तरी वाटणी कुणी मानली नाही, तर शुक्रवारचं तुझं जेवण करून शनिवारी ठरल्या वेळी बाहेर पड. नाश्ता झाला नसेल तर नाही झाला. भूक लागली की अकरातल्या कुणाला तरी गॅस पेटवता येतोच.

मुंबईचं नंतर कळव. हवा दमट असते, आपल्या कोरड्या हवेत पळणाऱ्याला पहिले पाच किलोमीटर गुदमरल्यासारखं होतं, सुरुवात दाबून कर. पेडर रोडचा चढ शेवटाकडं येतो, तिथं चाललीस तरी कुणी बघत नाही, सगळेच चालतात.

आणि हो, येसराचा नि काळ्या मसाल्याचा डबा दोन पिशव्यांत बांधून बुटांपासून लांब ठेव. आमचा एकदा बुटात सांडला होता. तीनदा धुतले, तरी उन्हात पळायला लागले की अजून फोडणीचा वास येतो.

— अक्का